संघटित मंडळीला शास्त्राचा आधार आहे का? साताऱ्यातल्या आठ रविवारांच्या अभ्यासवर्गाबद्दल

वर्ग रविवारी दुपारी चार ते सहा असतो, पोवई नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. आठ रविवार चालतो. फी दोनशे रुपये. त्यात ६४ पानांची झेरॉक्स पुस्तिका आणि मधल्या सुट्टीतला चहा येतो. एका तुकडीत साधारण पंचवीस जण असतात. शिकवणारे दोघेही कुठल्या एका पंथाच्या बाजूने बोलत नाहीत, आणि या विषयावर ही गोष्ट लहान नाही.

सातारा-सांगलीकडच्या ख्रिस्ती घरांत हा वाद आता जेवणाच्या ताटावर येऊन बसला आहे. आजी जुन्या मिशनच्या देवळात जाते, नातू भाड्याच्या गाळ्यात भरणाऱ्या प्रार्थनासभेला जातो. नातू म्हणतो, ‘कमिटी, बिशप, लेखी घटना हे सगळं माणसांनी काढलंय, शास्त्रात नाही.’ आजी म्हणते, ‘पाळक नाही, नोंदवही नाही, मग ती मंडळी कसली?’ दोघांच्याही हातात एकच पवित्र शास्त्र असते. वर्ग नेमका हा प्रश्न उचलतो आणि दोघांनाही वचने उघडायला लावतो.

पहिला रविवार ‘मंडळी’ या शब्दावर जातो, आणि आमच्या मते सगळ्या वर्गातला हा सर्वांत कसदार भाग आहे. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया. नव्या करारात तो ११४ वेळा येतो, पण चारही शुभवर्तमानांत मिळून फक्त तीनदा, तोही मत्तयाच्या दोनच वचनांत: १६:१८ आणि १८:१७. ग्रीक शहरांत एक्लेसिया म्हणजे नागरिकांची रीतसर भरणारी सभा, आपल्या ग्रामसभेसारखी. प्रेषितांची कृत्ये अध्याय १९ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात आरडाओरडा करणाऱ्या जमावालाही हाच शब्द वापरला आहे (वचने ३२ आणि ४१), आणि शहराचा लेखक ज्या कायदेशीर सभेकडे बोट दाखवतो तिलाही हाच (वचन ३९). जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलाच्या जमलेल्या समुदायासाठीही एक्लेसिया येतो. तेव्हा नुसत्या शब्दावरून संघटना सिद्धही होत नाही आणि खोडूनही निघत नाही. एवढे मात्र पक्के की हा शब्द इमारतीसाठी कधीच येत नाही. मराठी वाचकाला हे समजायला सोपे जाते, कारण ‘घरची मंडळी’ म्हटल्यावर कोणी भिंती मोजत नाही. इमारतीला आपण देऊळ म्हणतो, चर्च म्हणतो. मंडळी म्हणजे माणसेच.

दुसऱ्या रविवारी मत्तयाची ती दोन वचने घेतात. ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ यातला ‘खडक’ म्हणजे पेत्र, की त्याची कबुली, की स्वतः ख्रिस्त, हा शतकानुशतकांचा वाद वर्गात सुटत नाही. सोडवायचा प्रयत्नही करत नाहीत, हे बरे. त्याऐवजी एक बारीक गोष्ट दाखवतात, आणि ती मराठीत लखलखीत दिसते. १६:१९ मध्ये बांधण्याचा आणि मोकळे करण्याचा अधिकार देताना ‘तू’ आहे. १८:१८ मध्ये तोच अधिकार देताना ‘तुम्ही’ आहे. त्या दोन वचनांवर बोट ठेवून एकापाठोपाठ मोठ्याने वाचायला सांगतात. ज्या भाषांत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला एकच शब्द आहे त्यांच्या वाचकांना हा फरक तळटिपेत शोधावा लागतो.

१८:१५-१७ हा तर कामाचा क्रमच आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन सांगायचे. ऐकले नाही तर एक-दोन साक्षीदार बरोबर घ्यायचे. तरीही नाही तर मंडळीला कळवायचे. तिचेही ऐकले नाही तर त्याला परराष्ट्रीय आणि जकातदार यांच्यासारखा समजायचे. आता हे चालायचे तर ‘मंडळी’ कोण हे ठरलेले हवे. आत कोण, बाहेर कोण, कळवायचे कोणाला, हे ठाऊक नसेल तर तिसरी पायरीच चढता येत नाही. ‘शास्त्रात संघटना नाही’ म्हणणाऱ्याने या वचनाचे उत्तर द्यायला हवे. प्रत्यक्षात गडबड होते ती पहिली पायरी गाळल्यामुळे: माणसे थेट तिसरीवर जातात, म्हणजे भर उपासनेनंतर किंवा व्हॉट्सअॅप गटावर. शिवाय चौथ्या पायरीला जो जकातदार आहे तो मत्तयच्या स्वतःच्या धंद्याचा आहे आणि येशू त्याच्या घरी जेवला होता, याकडेही शिक्षकांनी लक्ष वेधले. बाहेर काढणे म्हणजे तोंड न पाहणे नव्हे.

तिसऱ्या रविवारपासून पुस्तिकेतला तक्ता सुरू होतो. चार रकाने: पद कोणते, नेमले कोणी, काम काय, अट काय. प्रत्येक उताऱ्याला हे चार रकाने स्वतः भरायचे. पद्धत साधी आहे, पण फसव्या वाचनाला चांगला आळा घालते. प्रेषितांची कृत्ये ६:१-६ घ्या. तक्रार खऱ्या पोटाची होती: ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटपात वगळले जात होते. प्रेषितांनी सात जण शोधायला शिष्यांच्या समुदायाला सांगितले, समुदायाने निवडले, प्रेषितांनी हात ठेवले, म्हणजे नेमले. सातही नावे ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्याच बाजूची माणसे वाटपावर बसवली असावीत. ‘नेमले कोणी’ या रकान्यात मग एकच नाव लिहिता येत नाही. निवड समुदायाची आणि नेमणूक प्रेषितांची, असे दोन भाग करावे लागतात. इथे वर्गात बहुतेकांची एक चूक होते. ‘पद’ या रकान्यात सगळे ‘डीकन’ (मंडळीतले सेवकाचे पद) लिहून मोकळे होतात. या उताऱ्यात सातांना ते नाव दिलेले नाही. मूळात सेवा हा शब्द आहे, आणि तो जेवणाच्या पंक्तीच्या सेवेला आणि वचनाच्या सेवेला सारखाच वापरला आहे. शिक्षकांनी रकाना रिकामा ठेवायला लावला. तेच योग्य.

चौथा रविवार वडील आणि अध्यक्ष यांचा. वर्गाचा हा सर्वांत अवघड टप्पा आहे आणि दोन तास त्याला पुरत नाहीत. प्रेषितांची कृत्ये २०:१७ मध्ये पौल मिलेताहून इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावतो. त्याच माणसांना वचन २८ मध्ये अध्यक्ष म्हणतो आणि कळप पाळायला सांगतो. तीत १:५ मध्ये क्रेतच्या नगरोनगरी वडील नेमायला सांगितले आहे आणि १:७ मध्ये अट सांगताना शब्द येतो अध्यक्ष. फिलिप्पैकरांस १:१ मध्ये अध्यक्ष अनेकवचनी आहेत, सोबत सेवक. म्हणजे नव्या करारातल्या या काळात प्रेस्बुतेरोस (वडील) आणि एपिस्कोपोस (अध्यक्ष) ही एकाच कामाची दोन नावे दिसतात, आणि एका गावच्या मंडळीत ते एकाहून जास्त असतात. सगळ्या वडिलांवर एक बिशप, ही रचना आपल्याला स्पष्ट दिसते ती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, अंत्युखियाचा बिशप इग्नाती याच्या पत्रांत. पुस्तिकेत १ तीमथ्य ३ (अध्यक्षाच्या अटी) नंतर थेट आजचा बिशप येतो. मधली पायरी गाळल्यामुळे वर्गातले अर्धे लोक समजून चालले की पौलाने बिशप नेमला, आणि उरलेल्यांना वाटले की बिशप हे मध्ययुगातले प्रकरण आहे. दोन्ही चूक. पुढच्या तुकडीसाठी इग्नातीचे एक पान पुस्तिकेत घातलेच पाहिजे.

मराठी शब्दांचीही इथे अडचण होते, तेव्हा नव्याने येणाऱ्याने तयारीने यावे. ‘वडील’ म्हटले की मनात बाप येतो, नाहीतर वयस्कर माणूस. १ तीमथ्य ५:१ मध्ये तो खरोखरच वयाने वडील आहे, पण १७ व्या वचनात तो पदाधिकारी आहे. ‘अध्यक्ष’ म्हटले की दूध संघाचा अध्यक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो, खुर्ची आणि शाल घेऊन. मूळ अर्थ देखरेख करणारा. आणि ‘पाळक’, जो आज आपल्या मंडळ्यांत सर्वांत मोठा शब्द, तो मंडळीतल्या कामकऱ्याचे नाव म्हणून नव्या करारात एकदाच येतो, इफिसकरांस ४:११ मध्ये. तिथेही त्याचे काम पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करणे हे आहे. सगळी सेवा एकट्याने उरकणे नव्हे. हे वचन पुस्तिकेत ठळक छापलेले आहे आणि आम्हांला ते फार आवडले.

प्रेषितांची कृत्ये १४:२३ वर मात्र वर्ग घाईने पुढे गेला. पौल आणि बर्णबा यांनी मंडळीमंडळीत वडील नेमले, की हात वर करवून निवडून घेतले? तिथले ग्रीक क्रियापद मुळात हात पसरण्यावरून आले आहे. नव्या करारात ते आणखी एकाच ठिकाणी आहे, २ करिंथकरांस ८:१९ मध्ये, आणि तिथे निवड करणाऱ्या मंडळ्या आहेत. १४:२३ मध्ये मात्र कर्ते प्रेषित आहेत. ही दोन वचने शेजारी ठेवली की निवडणूक हवी म्हणणारे आणि नेमणूक हवी म्हणणारे, दोघांनाही थांबून विचार करावा लागतो. पंधरा मिनिटांचे काम होते. राहून गेले.

पाचवा रविवार हिशेबाचा. ज्यांना वाटते की पहिल्या शतकातली मंडळी म्हणजे नुसते गाणे आणि प्रार्थना, त्यांनी निदान या दिवशी तरी यावे. १ तीमथ्य ५:९ मध्ये विधवांची यादी आहे आणि वयाची अट साठ वर्षांची. ५:१६ मध्ये, ज्यांच्या घरात विधवा आहेत त्यांनी त्यांना सांभाळावे, मंडळीवर भार टाकू नये, म्हणजे खरोखर निराधार असलेल्यांना मदत पुरेल. ५:१९ मध्ये वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकायचा नाही. ५:२० मध्ये पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्यायचा. ५:२२ मध्ये उतावळेपणाने कोणावर हात ठेवायचे नाहीत. यादी, पात्रता, तक्रारीची रीत, नेमणुकीतली सावधगिरी. याला संघटना म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

पैशाचेही तसेच. १ करिंथकरांस १६:२ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढायचे. १६:३ मध्ये ती रक्कम यरुशलेमेला कोण नेणार ते करिंथकर ठरवतील. २ करिंथकरांस ८:२०-२१ मध्ये पौल कारण सांगतो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, म्हणून देवापुढेच नाही तर माणसांपुढेही जे योग्य ते पाहायचे. प्रेषित असूनही त्याने रक्कम एकट्याच्या हाती ठेवली नाही. आपल्याकडच्या दानपेटीच्या मोजणीला दोन बिनघरोब्याची माणसे, त्याच दिवशी नोंद आणि दोघांच्या सह्या, इतकी रीत या वचनातून सरळ निघते. शिक्षकांनी ती फळ्यावर लिहून दिली.

सहाव्या दिवशी उलट बाजू येते, आणि ती पूर्ण ताकदीने मांडली याबद्दल वर्गाचे कौतुक करायला हवे. मत्तय २३:८-१० मध्ये गुरुजी, पिता, स्वामी म्हणवून घेऊ नका. लूक २२:२५-२६ मध्ये परराष्ट्रीयांचे राजे सत्ता गाजवतात, तुम्ही तसे नसावे. १ पेत्र २:९ मध्ये सगळी प्रजाच याजक. १ करिंथकरांस १४:२६ मध्ये जमल्यावर प्रत्येकाजवळ काहीतरी आहे: कोणाजवळ स्तोत्र, कोणाजवळ शिक्षण. जमायचे तेही घरांत: प्रिस्का आणि अक्विला यांच्या, नुंफेच्या, फिलेमोनाच्या. मंडळीसाठी स्वतंत्र इमारत बांधा अशी आज्ञा नव्या करारात कुठेही नाही. आणि योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस आहे, ज्याला पहिला मान हवा. तो भावांना स्वीकारत नाही आणि स्वीकारणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. पदाचा गैरवापर पहिल्याच शतकात सुरू झाला, त्याचा हा लेखी पुरावा.

पण त्याच १ करिंथकरांस १४ मध्ये पुढे बोलणारे दोन, फार तर तीन, आणि तेही आळीपाळीने. वचन ४० मध्ये सर्व काही शिस्तीने आणि व्यवस्थितपणे. घरात भरणाऱ्या किंख्रियाच्या मंडळीची फिबी ही सेविका होती (रोमकरांस १६:१). घरगुती मंडळी म्हणजे बेवारस मंडळी नव्हे. आमचे मतही इथेच येऊन ठरते: शास्त्र संघटनेला आधार देते, पण मालकीला देत नाही. पदे दिली आहेत, पात्रता दिली आहे, हिशेब आणि शिस्त दिली आहे. एकच कायमचा आराखडा दिलेला नाही.

याच दिवशी एक मोठी चूक झाली. पुस्तिकेत इब्री १३:१७ एकटेच छापले आहे, ‘आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा’ एवढ्या भावाचे. ते वचन त्याच अध्यायातल्या ७ व्या वचनाशिवाय आणि १ पेत्र ५:३ शिवाय कधीच छापू नये. सातव्या वचनात पुढाऱ्यांच्या वर्तनाचा परिणाम पाहून मग त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करा, असे आहे. पेत्राने तर वडिलांना धनीपणा करू नका असे बजावले आहे. एकट्या १३:१७ ने किती माणसे गप्प बसवली गेली आहेत हे मंडळ्यांत वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

सातवा रविवार, प्रेषितांची कृत्ये १५, आणि इथे आपला मुलूख मदतीला येतो. अंत्युखियात सुंतेवरून वाद पेटला, तो यरुशलेमेला नेला. प्रेषित आणि वडील जमले, पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र, बर्णबा, पौल बोलले, याकोबाने निष्कर्ष मांडला. सगळ्या मंडळीच्या संमतीने यहूदा आणि सीला यांच्या हाती पत्र गेले. आता हा वरच्या सभेचा हुकूम, की वडिलकीचा सल्ला? साताऱ्यात काम केले अमेरिकन मराठी मिशनने, काँग्रिगेशनल परंपरेचे: स्थानिक मंडळीचा निर्णय शेवटचा. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन: वडिलांचे मंडळ, त्यावर प्रेस्बिटरी, म्हणजे अनेक मंडळ्यांची वरची सभा. कृष्णा दोन्हीकडून वाहते, शास्त्र एकच, आणि या एका अध्यायाचे दोन अर्थ लावून दोन प्रकारची घडी बसली. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकत्रित मंडळी झाली तेव्हा या दोन्ही परंपरा बिशप असलेल्या रचनेत आल्या. स्थानिक पास्टरेट कमिटी ते सिनड (सर्वांत वरची सभा) या साखळीत प्रत्येक परंपरेचा एकेक धागा आहे, हे तक्त्यावर नीट समजावले.

पण साताऱ्यात बसून नारायण वामन टिळकांना दहा मिनिटांत उरकणे आम्हांला पटले नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, पुढे पाळकाची दीक्षा मिळालेला हा माणूस १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडतो आणि याच साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडतो, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एकत्र बंधुसंघ. १९१९ मध्ये ते वारले. दरबाराला संघटना नको होती असे नाही; परदेशी पैशावर आणि परदेशी घडीवर उभी मंडळी नको होती. गाळ्यातल्या नातवाचा आणि देवळातल्या आजीचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी याच गावात एका मोठ्या कवीने जगून पाहिला होता. त्याला एक पूर्ण रविवार द्या.

शेवटचा दिवस आजच्या व्यवहाराचा. मंडळी वेगळी आणि तिची मालमत्ता सांभाळणारा ट्रस्ट वेगळा, हे स्पष्ट सांगितले. सार्वजनिक न्यास कायदा १९५० चा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. तो वेळेत गेला नाही की जुने विश्वस्त कागदावर तसेच राहतात, आणि मग भांडण कोर्टात. १ करिंथकरांस ६ मध्ये पौल नेमके याच कोर्टबाजीवर तळमळून लिहितो. चर्चा इथून स्थानिक जमिनीच्या खटल्यांकडे घसरली आणि अर्धा तास गेला. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी नियम घालावा: चालू खटल्याचे नाव वर्गात काढायचे नाही.

पाचपैकी चार गुण. जाणाऱ्यांनी भारतीय बायबल सोसायटीची छापील सुधारित आवृत्ती न्यावी. वर्गात तीन-चार भाषांतरे एकदम उघडली की ‘वडील’, ‘अध्यक्ष’, ‘पुढारी’ यांचा गोंधळ होतो आणि तक्त्याचे रकाने जुळत नाहीत. मोबाइलवरची आवृत्ती तुलनेला ठेवा, वाचायला नको. दोन रंगांची पेने घ्या, एक निवडीसाठी आणि एक नेमणुकीसाठी. पंख्याखालची पहिली रांग टाळा, पुस्तिकेची सुटी पाने उडतात. तिला स्टेपलऐवजी स्पायरल घाला, वीस-पंचवीस रुपयांचे काम आहे. सांगलीत हाच वर्ग सुरू करायची बोलणी चालू आहेत असे शिक्षकांनी सांगितले. तिकडे चौथ्या धड्याला दोन रविवार ठेवावेत, आणि आजी-नातवांनी एका बाकावर बसावे.